प्रत्येक गोळीची वाट वेगळी

चेन्नई बीचहून तांबरमला जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की एग्मोरनंतर चेटपेट लागतं आणि शेवटाकडे, तांबरमच्या अलीकडे, ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाचं स्थानक येतं. क्षयरोगाच्या उपचारांची दोन युगं या एकाच लोहमार्गावर आहेत. तांबरमचं आरोग्यधाम डॉ. डेव्हिड चौरी मुथु यांनी १९२८ साली उभारलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने विश्रांती, एवढाच इलाज. चेटपेटला आहे ती राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. तिची सुरुवात १९५६ साली ‘ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर’ या नावाने झाली, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड ही औषधं हाताशी आली होती आणि प्रश्न बदलला होता. औषध आहे, पण लाखो रुग्णांना झोपवायला खाटा कुठून आणायच्या?

मद्रास राज्य सरकार, भारतीय वैद्यक संशोधन परिषद, ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून या प्रश्नाचा छडा लावायचं ठरवलं. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या नेतृत्वाखाली शहरातल्या दाटीवाटीच्या वस्त्यांमधले जवळपास २०० रुग्ण निवडले गेले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरीच गोळ्या दिल्या. औषधं दोघांना तीच, मुदतही तीच, एक वर्ष. १९५९ साली निकाल छापून आला. घरी राहिलेले, अर्धपोटी जेवणारे, कामाला जाणारे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडायला या निकालाचा मोठा हातभार लागला.

पण औषध घरी पाठवायचं म्हणजे जबाबदारी वाढते. रुग्ण गोळी खातो का, हे पाहायचं, आणि खाल्ली तर पुढे तिचं काय होतं, हेही मोजायचं. या दुसऱ्या प्रश्नामागे लागलेल्या मद्रासच्या जीवरसायनतज्ज्ञांना उत्तर सापडत गेलं ते फुप्फुसात नाही, यकृतात.

नाक्यावरची वसुली

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून वाहतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश ‘पोर्टल व्हेन’ या शिरेतून, म्हणजे थेट आतड्यांकडून आलेलं असतं. त्यामुळे गिळलेली जवळजवळ प्रत्येक गोळी बाकीच्या शरीरात शिरण्याआधी यकृताच्या जकात नाक्यावरून जाते. काही औषधांवर नाका फारसा कर लावत नाही, काहींचा बराच भाग तिथेच कापला जातो. कंपनी डोस ठरवते तेव्हा ही कपात धरूनच ठरवते.

नंतर रक्तातून फिरणारं औषध पुन:पुन्हा यकृतात येतं आणि तिथल्या पेशींमधली विकरं त्याचं रूप बदलत राहतात. ढोबळमानाने दोन टप्पे असतात. पहिल्यात औषधाच्या रेणूची मोडतोड होते. हे काम मुख्यत: ‘सायटोक्रोम पी-४५०’ कुळातली विकरं करतात. दुसऱ्यात त्याला एखादा छोटा रेणू जोडून पाण्यात सहज विरघळेल असं केलं जातं. मग ते लघवीतून किंवा पित्ताबरोबर शौचातून बाहेर पडतं. सगळ्याच प्रतिजैविकांना मात्र यकृताची गरज लागत नाही. अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, लिव्होफ्लोक्सासिन ही औषधं मुख्यत: मूत्रपिंडांतून जशीच्या तशी निघून जातात. हा फरक पुढे फार कामाचा ठरणार आहे.

तीच गोळी, दोन माणसं

आयसोनियाझिडची गोळी हे याचं उत्तम उदाहरण. उपाशीपोटी घेतलेली गोळी तास-दोन तासांत रक्तात पोचते. यकृतात ‘एनएटी-२’ नावाचं विकर तिला असेटिल गट जोडतं आणि तिची ताकद संपते. हे विकर किती तत्पर असणार, ते आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. वेगवान यकृताच्या माणसात औषधाची रक्तातली पातळी साधारण तासाभरात निम्मी होते. संथ यकृताच्या माणसाला त्यासाठी तीनेक तास लागतात. दोघांची यकृतं पूर्णपणे निरोगी, दोघांचं वजन सारखं, गोळी तीच.

मद्रास केंद्राच्या पी. आर. जे. गंगाधरम आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली दाखवलं की दक्षिण भारतीय क्षयरुग्णांत दहापैकी साधारण सहा जण संथ गटातले असतात. जपानमध्ये हेच प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. दुसऱ्या देशात बेतलेला डोस डोळे झाकून इथे का लावू नये, याचं हे रोकडं कारण होतं. संथ गटातल्यांना हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास जास्त व्हायचा. केंद्राने रोज ६ मिलिग्रॅम ‘ब-६’ जीवनसत्त्व देऊन तो टाळता येतो, हे दाखवलं. वेगवान गटाची अडचण उलटी होती. आठवड्यातून एकदाच औषध देण्याची पद्धत करून पाहिली, तेव्हा त्यांच्यात गुण कमी आला, कारण औषध शरीरात टिकतच नव्हतं. कोण कुठल्या गटातला, हे लघवीवरून ओळखायची सोपी चाचणीही मद्रासमध्येच तयार झाली.

निरोगी यकृतांमध्येच एवढी तफावत असेल, तर आजारी यकृतात काय होत असेल?

यकृत सुकतं तेव्हा

दारू, ‘ब’ आणि ‘क’ प्रकारची कावीळ, आणि अलीकडे लठ्ठपणा व मधुमेहामुळे साचणारी चरबी, या सगळ्यांचा शेवटचा मुक्काम एकच असू शकतो: सिरॉसिस. मऊ यकृताच्या जागी चिवट, गाठाळ ऊती तयार होतात. प्रतिजैविकांच्या हिशोबात तेव्हा एकदम बऱ्याच रकमा बदलतात.

पहिली रक्कम विकरांची. पेशी कमी झाल्या की मोडतोड मंदावते. त्यातही पहिल्या टप्प्याची कामं आधी ढासळतात, दुसऱ्या टप्प्यातली काही कामं बराच काळ तग धरतात. दुसरी रक्कम रक्ताच्या वाटेची. घट्ट झालेल्या यकृतातून रक्त नीट पुढे सरकत नाही, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त बाजूने नव्या आडवाटा काढतं. नाका चुकवून गेलेलं औषध कर न भरताच शरीरात पोचतं. ज्या औषधाची निम्मी कपात गृहीत धरली होती, त्याचा डोस कागदावर तोच असतो, रक्तात मात्र कितीतरी वाढलेला.

तिसरी रक्कम अल्ब्युमिनची. यकृतात बनणारं हे प्रथिन रक्तातल्या अनेक औषधांना धरून ठेवतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या नेहमीच्या इंजेक्शनचा ८५ ते ९५ टक्के भाग असा बांधलेला असतो. अल्ब्युमिन घटलं की मोकळा भाग वाढतो; तो ऊतींमध्ये जास्त शिरतो, आणि शरीराबाहेरही लवकर पडतो. चौथी रक्कम पाण्याची. पोटात आठ-दहा लिटर पाणी साठलेल्या रुग्णात पाण्यात विरघळणारी औषधं त्या पाण्यातही पसरतात आणि रक्तातली पातळी सुरुवातीला कमी भरते. पाचवी पित्ताची. पित्तमार्ग तुंबला की पित्तातून जाणारी औषधं अडकून पडतात.

या पाच रकमा एकाच दिशेने जात नाहीत, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. मंदावलेली विकरं आणि आडवाटा पातळी वाढवतात, पोटातलं पाणी ती कमी करतं. ‘लिव्हर खराब आहे, सगळी औषधं निम्मी करा’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा. औषध कोणत्या दाराने बाहेर पडतं, हे आधी पाहावं लागतं.

यकृतातलं गळू आणि पूर्ण डोस

मेट्रोनिडाझोल घ्या. जुलाबांसाठी घरोघरी ठाऊक असलेलं हे औषध यकृतात मोडतं. रक्तातली पातळी निम्मी व्हायला त्याला एरवी आठेक तास लागतात. सिरॉसिस हाताबाहेर गेला असेल तर हा काळ बराच लांबतो, औषध साठतं, आणि म्हणून अशा रुग्णांत डोस निम्मा करायला सांगितलं जातं. आता दुसरा रुग्ण पाहा. चेन्नईत काय किंवा मुंबईत काय, अमीबामुळे यकृतात पू होऊन आलेले रुग्ण डॉक्टरांना नवे नाहीत. ताप, उजव्या बरगडीखाली ठणका, सोनोग्राफीत मोठं गळू. वाटावं, थेट यकृतालाच आजार, म्हणजे औषध जपून द्यावं. पण गळूभोवतीचं उरलेलं यकृत आपलं काम चोख करत असतं. तिथे मेट्रोनिडाझोल पूर्ण डोसमध्येच द्यायचं असतं. कमी दिलं तर अमीबा वाचतो. दोन्ही रुग्णांच्या केसपेपरवर ‘यकृताचा आजार’ असंच लिहिलेलं, डोस मात्र वेगळा.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दोन दारं आहेत. काही भाग पित्तातून, काही लघवीतून. यकृत थकलं तर मूत्रपिंडं भार उचलतात, त्यामुळे एकट्या यकृताच्या आजारात डोस सहसा बदलावा लागत नाही. दोन्ही दारं एकदम अरुंद झाली, तर मात्र दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. टायगेसायक्लिन बहुतांशी पित्तातून जातं. यकृत अगदी निकामी होत आलं असेल तर त्याचा पहिला डोस पूर्ण आणि नंतरचे निम्मे, अशी योजना असते. पहिला पूर्ण का, तर जंतूंना सुरुवातीलाच पुरेसं औषध भेटलं पाहिजे. एकाच कुळातली दोन भावंडंही सारखी नसतात. लिव्होफ्लोक्सासिन मूत्रपिंडातून जातं, मॉक्सिफ्लोक्सासिन यकृतात बदलतं. आणि विषमज्वरावर एके काळी सर्रास दिलं जाणारं क्लोरॅम्फेनिकॉल यकृताच्या दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून असल्याने सिरॉसिसमध्ये साठतं आणि अस्थिमज्जेला मारक ठरू शकतं.

क्षयाची औषधं आणि कावीळ

आतापर्यंत यकृत औषधाचं काय करतं ते पाहिलं. क्षयाच्या उपचारात औषधही यकृताचं काही करतं, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. भारतात औषधांमुळे यकृताला झालेल्या गंभीर इजांच्या नोंदींमध्ये पहिला नंबर सातत्याने क्षयाच्या औषधांचा लागतो. पाश्चात्त्य देशांत तो मान अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटला मिळतो.

१९७०च्या दशकात रिफाम्पिसिन आलं आणि दीड-दोन वर्षांचा उपचार महिन्यांवर आला. त्याचबरोबर मद्रासच्या डॉक्टरांना कावीळ झालेले रुग्णही जास्त दिसू लागले. आर. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली सुमारे ३००० दक्षिण भारतीय रुग्णांचा आढावा छापला. फुप्फुसाच्या क्षयात २ ते ८ टक्के रुग्णांच्या यकृताला सूज आली होती, तर मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या मुलांत हे प्रमाण १६ ते ३९ टक्के होतं. त्यांतल्या ज्या मुलांना आयसोनियाझिडचा मोठा डोस दिला होता, त्यांच्यात धोका अधिक होता.

असं का होतं, याचा एक धागा त्याच वर्षी त्याच केंद्रातून जी. रघुपती सरमा यांच्या गटाने पुढे आणला. आयसोनियाझिड मोडायचा नेहमीचा रस्ता असेटिल गट जोडण्याचा. पण थोडं औषध बाजूच्या रस्त्याने थेट फुटतं आणि त्यातून हायड्राझिन हे विषारी द्रव्य सुटतं. रिफाम्पिसिन यकृतातल्या विकरांना चेव आणतं, आणि ते सोबत असलं की संथ गटातल्या रुग्णांत या बाजूच्या रस्त्याने जाणारं औषध जवळपास दुप्पट होतं. नेहमीचा रस्ता आधीच संथ, त्यात बाजूच्या रस्त्याला वेग. ज्या वर्गवारीचा संबंध आधी मुंग्यांशी जोडला गेला होता, ती आता काविळीपाशी येऊन ठेपली.

त्यात यकृत आधीच सिरॉसिसने किंवा दारूने पोखरलेलं असेल, तर कोंडी पुरी होते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृतातून जातात, अशा वेळी शरीरात साठतात आणि तिन्ही यकृताला इजा करू शकतात. चौथं इथॅम्ब्युटॉल तेवढं मुख्यत: मूत्रपिंडाचं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात उतरती भांजणी आहे: यकृत जितकं आजारी, तितकी यकृताला बाधणारी औषधं कमी. आधी तीनऐवजी दोन, मग एकच, आणि अगदी वाईट अवस्थेत एकही नाही. तेव्हा इथॅम्ब्युटॉल, स्ट्रेप्टोमायसिन आणि लिव्होफ्लोक्सासिनसारखं फ्लुओरोक्विनोलोन गटातलं एखादं औषध यांच्यावर भागवायचं. सहा महिन्यांचा उपचार मग दीड ते दोन वर्षांवर जातो. वाचलेल्या यकृताची किंमत वेळेत मोजावी लागते.

२०१७पासून सरकारी कार्यक्रमात चारही औषधं एकत्र असलेली गोळी रोज, वजनानुसार दिली जाते. विसरायला वाव कमी, हा तिचा मोठा फायदा. पण कावीळ झाली की त्या गोळीतून एखादंच औषध वगळता येत नाही. सगळंच थांबवावं लागतं आणि यकृत सावरल्यावर सुटी औषधं एकेक करून, मध्ये काही दिवसांचं अंतर ठेवून, रक्त तपासत पुन्हा सुरू करावी लागतात. बहुतेक रुग्णांना बरीचशी औषधं पुन्हा सोसतात.

रुग्णाने लक्ष कुठे ठेवायचं? लघवीच्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण रिफाम्पिसिन लघवी, घाम आणि अश्रूसुद्धा नारिंगी करतं आणि ते निरुपद्रवी असतं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होत नाही ना, हे उजेडात पाहावं. त्याच्याही आधी अन्नावरची वासना उडते, मळमळतं, उलट्या होतात, गळून गेल्यासारखं वाटतं. ही लक्षणं दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं विकर सामान्य मर्यादेच्या पाचपट गेलं, किंवा लक्षणं असताना तिप्पट झालं, की औषधं थांबवतात.

इथेच घरगुती औषध आडवं येतं. आपल्याकडे काविळीला भुईआवळा देतात. तामिळनाडूत हीच वनस्पती कीळानेल्ली म्हणून घराघरात ओळखतात. मद्रास विद्यापीठाच्या एस. पी. त्यागराजन यांनी ‘ब’ काविळीचा विषाणू शोधणारे नोबेल विजेते बारूक ब्लुमबर्ग यांच्याबरोबर तिची चाचणी घेतली आणि १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली. वनस्पती घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली होती. जगभर कुतूहल उसळलं, पण इतर ठिकाणच्या चाचण्यांत तसा निकाल पुन्हा मिळाला नाही. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर त्या चाचणीतली माणसं ‘ब’ विषाणूची वाहक होती, औषधाने कावीळ झालेली नव्हती. क्षयाची गोळी तशीच चालू ठेवून वर भुईआवळ्याचा रस घेत बसणारा रुग्ण मोलाचे दिवस घालवतो.

न मिळणारा आकडा

मूत्रपिंडं किती काम करतात, याचा अंदाज डॉक्टर रक्तातल्या क्रिएटिनिन या स्नायूंतून येणाऱ्या टाकाऊ द्रव्यावरून बांधतात आणि कोष्टकातून डोस काढतात. यकृतासाठी असा एक आकडा नाही. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या नावावर जाऊ नये. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढणं म्हणजे पेशी फुटताहेत. उरलेल्या पेशी किती काम करतात, ते त्यावरून कळत नाही. सुकून गेलेल्या यकृतात फुटायला पेशीच फारशा नसतात, आणि हे आकडे जवळपास सामान्य दिसू शकतात.

म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींना गुण देणारी चाइल्ड-प्यू पद्धत वापरतात. ५-६ गुण म्हणजे ‘ए’, ७ ते ९ ‘बी’, १० ते १५ ‘सी’. १९६४ साली चाइल्ड आणि टर्कॉट यांनी ती शस्त्रक्रियेचा धोका ओळखण्यासाठी मांडली आणि १९७३ साली प्यू यांनी सुधारली. औषधांच्या डोससाठी ती बनवलेलीच नाही, तरी आजही औषधांच्या माहितीपत्रकात तिचाच आधार असतो. भरीस भर म्हणजे सिरॉसिसमध्ये क्रिएटिनिनही फसवं असतं. स्नायू झडलेले असतात, त्यामुळे ते तयारच कमी होतं आणि थकलेली मूत्रपिंडं कागदावर ठणठणीत दिसतात. अशा रुग्णाला अमिकासिन किंवा जेंटामायसिन दिलं तर मूत्रपिंडं बसण्याचा धोका मोठा असतो. यकृत वाचवायला मूत्रपिंडाच्या दाराचं औषध निवडावं, तर ते दारही भक्कम असेलच असं नाही.

भीतीने कमी दिलेला डोस

एवढं वाचून वाटेल की यकृताच्या रुग्णाला प्रतिजैविकं जितकी कमी तितकं बरं. ते खरं नाही. सिरॉसिस झालेल्या माणसाची जंतूंशी लढायची ताकद खालावलेली असते आणि रुग्णालयात दाखल होणाऱ्या अशा रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण जंतुसंसर्ग हेच असतं. पोटातल्या पाण्याला आपोआप संसर्ग होऊ शकतो. ताप नसला तरी सुईने पाणी काढून तपासतात. दर घनमिलिमीटरमध्ये २५० हून जास्त न्यूट्रोफिल प्रकारच्या पांढऱ्या पेशी दिसल्या की सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याच दिवशी, पुरेशा डोसमध्ये सुरू करतात. सोबत अल्ब्युमिनचं सलाईन देतात, ते मूत्रपिंडं वाचवण्यासाठी. इथे ‘लिव्हर नाजूक आहे’ म्हणून निम्मं औषध देणं जिवावर बेतू शकतं.

काही वेळा तर यकृताच्या आजारातच प्रतिजैविक उपयोगी पडतं. रिफाक्सिमिन हे रिफाम्पिसिनच्याच कुळातलं, पण आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरतच नाही. आतड्यातले अमोनिया बनवणारे जंतू कमी करून ते यकृतामुळे येणारी गुंगी आणि भ्रम टाळायला मदत करतं. एक भाऊ यकृतावर भार टाकतो, दुसरा त्याचा भार हलका करतो. फरक आहे तो फक्त त्यांनी धरलेल्या वाटेचा.

त्यामुळे यकृताचा आजार असलेल्या माणसाने डॉक्टर बदलले, दात काढायला गेला किंवा साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेला, तरी तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात: यकृताला नेमकं काय झालं आहे, पोटात पाणी किंवा गुंगी आली होती का, आणि सध्या कोणती औषधं, दारू व काढे चालू आहेत. जुन्या चिठ्ठीवरची गोळी दुकानातून आणून घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेली घाबरून अर्धी करू नये. मद्रासने १९६१ साली मोजून दाखवलं होतं की गोळी सारखी असली तरी माणसं सारखी नसतात. यकृत आजारी पडलं की तो फरक आणखी रुंदावतो, आणि मग डोस ठरवायला आजाराचं नाव पुरत नाही. त्या औषधाची वाट आणि त्या माणसाचं यकृत, दोन्ही शेजारी ठेवून पाहावी लागतात.